दुसऱ्याच्या गुडघ्याची कुस्ती

गावात अजून कुणी पाहुणा आला की माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, हे निपाणीच्या अमक्या वस्तादांचे पठ्ठे. मी ऐकतो आणि उठून आत जातो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, नाहीतर गर्व झालाय. ऐकू मला चांगलं येतं. गर्व आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या वस्तादांचा पठ्ठा मी नव्हे. हे तोंडानं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसलो. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंतची. अक्षर वाकडं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मजकूर सरळ आहे.

ही गोष्ट दुसरी लढाई पेटायच्या आधीची. आमचं गाव निपाणीहून चिकोडीला जाताना वाटेवर लागतं. घरची तंबाखूची शेती. आम्ही जैन. घरात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडण दोन्हीत. मी जन्माचा डावरा. डाव्या हातानं भाकरी मोडली की आव्वा, म्हणजे आमची आई, हातावर उलथनं मारायची. शाळेत मास्तरांनी तोच हात छडीनं सुजवला. त्या दिवशी मी जो उठलो तो पुन्हा शाळेची पायरी चढलो नाही. आप्पांनी, म्हणजे वडलांनी, मारलं, अण्णानं, म्हणजे थोरल्या भावानं, समजावलं. नाही म्हणजे नाही.

अंग मात्र दांडगं. तंबाखूचं बोद, म्हणजे बांधलेला गठ्ठा, एकटा उचलून गाडीत टाकायचो. ते बघून अण्णानंच घरात विषय काढला, ह्याला निपाणीच्या तालमीत घालू. आप्पा म्हणाले, "घाल. पर दिवस बुडायच्या आत जेवला पायजे. आन् अंड्याला हात लावला तर हिकडं तोंड दाखवायचं न्हाई."

आम्ही दोघं भाऊ तालमीत गेलो तेव्हा वस्ताद हौद्याच्या कडेला बसले होते. हौदा म्हणजे तांबड्या मातीचा खड्डा. ताक, तेल, हळद घालून माती लोण्यासारखी केलेली. वस्तादांचे दोन्ही कान कुस्तीनं चुरगळलेले, हातात कडुलिंबाची काठी. त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही. काठी खाली टाकली आणि म्हणाले, "दे बघू उचलून."

मी दिली.

"कंच्या हातानं दिलीस?"

म्हटलं झालं, इथंही छडीच. मी हात पाठीमागं घेतला.

"लपवतोस कशापायी रं? डावरा हाईस व्हय?"

"व्हय."

वस्ताद उठले. बाजारात बैलाभोवती फिरतात तसे माझ्याभोवती फिरले. खांदे दाबले, पोटऱ्या दाबल्या. मग आतल्या पोरांना म्हणाले, "ह्याला ठेवून घ्या. ह्याची वळकटी माझ्या खोलीम्होरं पडंल."

जन्मात पहिल्यांदा माझ्या डाव्या हातावर कुणीतरी खूश झालं होतं. मी त्या माणसाचा झालो. पुढं एका शनिवारी मारुतीपुढं बसवून त्यांनी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला, गंडा म्हणतात तो. गंडा बांधला की वस्ताद बाप. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या तालमीची माती अंगाला लावायची नाही. आणि एका तालमीच्या दोन पैलवानांनी मैदानात एकमेकांसमोर उभं राहायचं नाही. हा आमच्याकडचा कायदा. कागदावर कुठं नाही, पण साहेबाच्या कायद्यापेक्षा पक्का.

वस्तादांची शिकवायची रीत वेगळी होती. एका जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत एका पोराला एकच काम. कुणाला नुसती मान घट करायला सांगायचे, कुणाला पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून ओढायला. त्या कामाशिवाय दुसरं काही करताना दिसला की काठी बसायची. मला पहिलं काम दिलं ते असं: पाठ मातीला लागू द्यायची नाही. बस. उभ्यानं लढायचंच नाही. कुणीही यावं, मला पोटावर पाडावं, वर बसावं आणि पलटी घालायला बघावं. मी पालथं पडून राहायचं आणि उलथायचं नाही.

हसू नका, हे उभ्या कुस्तीपेक्षा अवघड आहे. नाकातोंडात माती जाते. मानेवर दुसऱ्याचं हाड. आधी मी नुसता ताकदीनं अडून राहायचो आणि दमून उलथायचो. मग हळूहळू अंगाला कळायला लागलं. कोपर बरगडीला चिकटून असलं की माणसाला कुलूप लागतं. वर बसलेला श्वास आत घेतो तेव्हा हलका होतो, सोडतो तेव्हा जड होतो. तो हलका झाला की सरकायचं, जड झाला की मुकाट पडायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, पण कळायची सोय वस्तादांनी केली, एवढं मी मानतो. जत्रा आली तोवर तालमीत मला उलथणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढचं काम उभ्या कुस्तीचं. वस्ताद स्वतः हौद्यात उतरले. ते कधी कुणासाठी उतरायचे नाहीत. माझा डावा पाय धरून पुढं ठेवला.

"वजन उजव्या पायावर. आनि थोडं. उजवा खांदा खाली सोड. आनि खाली. मेल्यागत सोड रं, कुणी ओझं दिल्यागत न्हवं. हां. आता आत शिरायच्या आधी डाव्या मांडीवर एक थाप मार. मग नाक शिंकर. मग शीर."

"वस्ताद, नाक शिंकरून काय हुतं?"

"समोरच्याचं ध्यान जातं."

"आन् थाप मारून?"

"तुला शिकायचं हाय का मला शिकवायचं हाय?"

मी शिकलो. पोरं माझी चेष्टा करायची, बगळा आला, बगळा आला म्हणायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी म्हणायचो, ह्यांना उजव्या हाताची चारचौघांसारखी कुस्ती शिकवतात, मला वस्ताद स्वतः मातीत उतरून शिकवतात. जत्रांच्या दिवसांत ते चिकोडीकडं मैदानं बघायला जायचे. परत आले की पाणी प्यायच्या आधी मला हौद्यात उभं करायचे. "हात आसा न्हाई, आसा. कोपर आत. मुंडी डावीकडं." त्यांना दुसऱ्यांची कुस्ती बघून माझ्यासाठी काहीतरी नवीन सुचतं, असं मी धरून चाललो होतो.

बाकीची पोरं घरी गेली की माझी आणि वस्तादांच्या भाच्याची झटापट. रोजची. भाचा माझ्याच वयाचा, उजवा, गोरा, चालायचा घोड्यासारखा. आमची दोस्ती खरी होती, हे आजही म्हणतो. मी दिवस बुडायच्या आत जेवतो म्हणून तो मला स्वामीजी म्हणायचा. मी ताटावर बसलो की दारात उभा राहून उन्ह अडवायचा आणि ओरडायचा, "स्वामीजी, दिवस बुडाला! आता उद्याच्याला!" आणि मी खरंच हात धुतला की लोटाभर बदामाची थंडाई माझ्यापुढं ठेवायचा. "सूर्यानं तुमच्यासाठी परत तोंड काढलंय. प्या."

झटापटीत मी डावा पाय टाकायचा, थाप मारायची, नाक शिंकरायचं, शिरायचं. वस्ताद भाच्याच्या कानात काहीतरी सांगायचे आणि मला एकच शब्द, "परत." मी परत शिरायचो. आधी मी त्याला पाडायचो. मग तो मला पाडायला लागला. वस्ताद त्याच्या कानात बोलतात आणि माझ्या नाही, ह्याचा अर्थ मी काय लावला होता? की भाचा जरा जड डोक्याचा, त्याला फोडून सांगावं लागतं. मला न सांगता कळतं.

मग एकदा वस्ताद आपणहून म्हणाले, "औंदा संकेश्वरच्या बाजूला मैदान हाय. तितं तुझी कुस्ती लावतो. घरी सांगावा धाड."

मी सांगावा धाडला. पहिली मैदानी कुस्ती म्हणजे आमच्यात लग्नापेक्षा मोठी. जोवर मैदानात लढला नाही, तोवर माणूस पैलवान नव्हे. मग त्यानं तालमीत कितीही माती खाल्लेली असू दे. जिंकला तर गाव फेटा बांधतं, हरला तरी लोक नावानं ओळखतात, की हा लढला. मला ते पाहिजे होतं. अण्णा गावातल्या माणसांनी गाडी भरून आला. आव्वानं नवा लंगोट शिवून दिला होता. अण्णा म्हणाला, "आव्वा म्हंती, डाव्या हातानं मार म्हणावं. आता न्हाई मारणार मी."

मैदान भरलं. हलगी कडाडायला लागली. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, मग मोठ्यांच्या. मी लंगोट लावून वर धोतर गुंडाळून बसलेला. प्रत्येक जोडीला पंच नाव पुकारायचे आणि माझे कान टवकारायचे. अण्णा सारखा विचारायचा, "ही का? ही न्हाई? मग म्होरली?" मी दोनदा उठून वस्तादांकडं जाऊन आलो. ते म्हणाले, "थांब की रं. मोठ्या कुस्तीच्या आधी."

मग मोठी कुस्तीच पुकारली. वस्तादांचा भाचा आणि चिकोडीकडचा एक नावाजलेला पैलवान. हा वयानं आमच्यापेक्षा थोर, त्या भागात त्याला कुणी पाडलेलं नव्हतं. मी त्याचं नाव ऐकून होतो, बघितलं कधी नव्हतं. बघायला मला कधी नेलंच नव्हतं.

तो मातीत आला. डावा पाय पुढं टाकला. उजवा खांदा मेल्यागत खाली सोडला. मुंडी डावीकडं.

अण्णानं मला ढोसलं. "अरं, ह्यो तर थेट तुझ्यागत उभा ऱ्हायला! तुझी नक्कल करतोय का काय?"

त्यानं डाव्या मांडीवर थाप मारली. नाक शिंकरलं.

आमच्या गाडीतली माणसं खो खो हसायला लागली. "बघा की, आपल्या पोराचं बघून शिकलाय!" मला हसू येईना. तो शिरला, आणि भाचा तो शिरायच्या आधीच बाजूला झाला होता, माझ्यासमोर रोज होत होता तसा. थाप वाजली की त्याला कळत होतं. नाक शिंकरलं की पाय हलत होता. चिकोडीकडचा चक्रावला. आपल्या मनातलं ह्याला कसं कळतंय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिसऱ्या खेपेला भाच्यानं त्याला डाव्या बाजूनं वर उचललं आणि पाठीवर घातलं. चितपट.

लोक उठून नाचायला लागले. मी बसलेला. माझी पाठ दुखत होती. खरंच दुखत होती, खोटं नाही लिहीत.

भाच्याला फेटा बांधला, वस्तादांना बांधला. मी गर्दीतून वाट काढत गेलो.

"वस्ताद, माझी कुस्ती?"

"मैदान उठलं आता. बघू म्होरल्या जत्रंला."

"तुमी शबूद दिल्ता. घरची माणसं आल्यात."

वस्ताद हसत होते, आनंदात होते. माझ्या खांद्यावर हात टाकला. "आरं, तुझीच कुस्ती झाली की ही. तुझ्याबिगर पडला असता व्हय त्यो?"

"मग फेटा मला का न्हाई?"

"पडणाऱ्याला फेटा बांधत न्हाईत," वस्ताद म्हणाले. रागानं नाही. समजुतीनं म्हणाले. तेच मला लागलं.

मी भाच्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं?"

तो फेट्याचा शेमला सारखा करत होता. "समद्यांस्नी ठावं हुतं रं. मला वाटलं तुलाबी ठावं आसंल." आणि लगेच, "स्वामीजी, चल, दिवस बुडायच्या आत जेवून घे."

मी दातानं गंडा तोडला आणि वस्तादांच्या पायाशी ठेवला. फेकला नाही, ठेवला. त्यांचं तोंड पडलं का नाही, ते बघायला थांबलो नाही.

चिकोडीकडचा पैलवान विहिरीवर अंग धूत होता. त्याची माणसं गाडी जुंपत होती. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. डावा पाय पुढं, खांदा खाली. मांडीवर थाप मारली.

त्याच्या हातातून लोटा पडला. "यल्लि कलती?" कुठं शिकलास, असं कानडीतून विचारलं. मी कानडीतच सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग माझ्या डाव्या गुडघ्यापाशी उकिडवा बसला आणि हात फिरवायला लागला, वाटीवरून, मागून, सगळीकडून.

"मोडलाय का कधी?"

"न्हाई."

"माझा मोडलाय. लहानपणी गाडीच्या चाकाखाली सापडला. त्याच्यावर वजन घेववत न्हाई म्हणून मी उजव्यावर घेतो, म्हणून ह्यो खांदा पडतो. आत शिरायच्या आधी गुडघा जाग्यावर हाय का न्हाई, थाप मारून बघतो." तो उठला. "तुझा तर चांगला धडधाकट हाय. मग तू लंगड्यागत कशाला उभा ऱ्हातोस, तम्मा?" धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात.

मी ज्याला विद्या समजून बसलो होतो ती एका माणसाची अडचण होती. मला लंगडेपण शिकवलं होतं आणि मी ते मन लावून शिकलो होतो, दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं.

मी अण्णाबरोबर गावाकडं गेलो नाही. चिकोडीकडच्याच्या गाडीतून त्याच्या गावी गेलो. तो म्हणाला, "ये माझ्याकडं. मी वस्ताद न्हवं, दोरा बांधणार न्हाई. शेतात काम कर, सकाळी माझ्यासंगं मातीत उतर." दुसरीकडं मला कुणी घेतलंही नसतं. गंडा तोडलेल्या पोराला कोल्हापूरपर्यंत कुणी दारात उभं करत नाही.

त्यानंही मला एकच काम दिलं. "नेट्टग निल्लु." सरळ उभा राहा. एवढंच. नांगरामागं ओल्या सरीतून अनवाणी चालवायचा आणि बांधावर बसून ओरडायचा, "खांदा!" मी खांदा वर घ्यायचो. चार पावलांवर परत पडायचा. जेवताना, पाणी शेंदताना, तंबाखूचे शेंडे खुडताना, कुठंही असो, ओरडायचा. शिकवलेलं विसरायचं म्हणजे काय असतं, ते शिकलेल्यालाच माहीत. मूल रडतं तसा मी एकदा बांधावर बसून रडलो. तो जवळ आला नाही. लांबूनच म्हणाला, "रडतानाबी खांदा खालीच हाय तुझा."

पुढं म्हातारपणापर्यंत मी माझ्या गावच्या तालमीत पोरांना शिकवलं. एक नेम ठेवला. पोराला काम देताना ते कशासाठी, हे सांगूनच द्यायचं. आणि सांगता आलं नाही, तर काम द्यायचं नाही. आता पोरं मलाच आप्पा म्हणायची. म्हणायची, आप्पा लई बोलतात. बोलतो. आमचे वस्ताद बोलत नव्हते.

पण ते नंतरचं. त्या वेळी वर्षानं, पुढच्या जत्रेला, मी आणि चिकोडीकडचा त्याच मैदानात गेलो. तिथं रीत अशी, की ज्याची कुस्ती ठरलेली नाही त्यानं लंगोटावर हात वर करून मैदानाला फेरी मारायची आणि जोड मागायची. मी फेरी मारली आणि पंचांपुढं उभा राहून वस्तादांच्या भाच्याकडं बोट केलं.

"वस्ताद कोण तुझा?" पंचांनी विचारलं. बिनवस्तादाच्या माणसाची कुस्ती लावत नाहीत.

वस्ताद समोरच बसले होते. ते म्हणाले, "माझंच पोरगं हाय. रुसून गेलंय. एका तालमीची पोरं मी लढवत न्हाई. ये रं, बस हितं." आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

बसलो असतो तर सगळं मिटलं असतं. लोक हसले असते, झालं. पण वस्तादांचा पठ्ठा म्हटलं तर लढता येत नाही आणि कुणाचाच नाही म्हटलं तरी लढता येत नाही, अशी ती कोंडी. मी मागं बसलेल्या चिकोडीकडच्याकडं बोट केलं. "मी ह्यांची कुस्ती शिकलोय. निपाणीत शिकलो, पर ह्यांचीच."

चिकोडीकडचा उठून उभा राहिला. मोडक्या मराठीत म्हणाला, "व्हय. माझा हाय. लावा."

गर्दीला हवंच होतं. हलगी वाजली. वस्तादांना सगळ्यांदेखत नाही म्हणता येईना. भाचा मातीत आला, हातसलामी झाली. सलामीतच तो पुटपुटला, "कशाला रं ह्ये?"

"मला लढायचं हाय म्हणून."

मी सरळ उभा राहिलो. वर्षभर त्याचीच मेहनत केलेली. पण लोकांचा आवाज चढला, भाचा पुढं आला, आणि माझा खांदा गेला खाली. मला न विचारता. हात आपोआप मांडीवर पडला. थाप वाजली आणि मला कळलं, संपलं. त्यानं मला खाली घेतलं.

पोटावर पडलो. तो वर आला. आणि तिथून पुढं मात्र तो काही करू शकला नाही. ही कुस्ती कुणाच्या गुडघ्याची नव्हती. ती मी स्वतः मातीत तोंड घालून शिकलो होतो. त्यानं मानेवर हाड टाकलं, बगलेत हात घातला, लंगोट धरून उचललं. मी कुलूप. तो श्वास घ्यायचा, मी सरकायचो. तो जड व्हायचा, मी पडून राहायचो. कडेवरून चिकोडीकडचा ओरडत होता, "बिडब्याड! बिडब्याड!" सोडू नको, सोडू नको. एकदा मी खालून निसटून जवळजवळ त्याच्या पाठीवर गेलो होतो. मैदान उठून उभं राहिलं. तो फिरला, मी परत खाली. उन्हं कलली, दोघांच्या अंगात हात उचलायची ताकद राहिली नाही. शेवटी पंच मध्ये पडले. कुस्ती बरोबरीत सोडवली. फेटा कुणालाच नाही.

मी उठून उभा राहिलो. अंगभर माती, नाकातून रक्त. मला वाटलं, आता झालं. हरलो नाही, जिंकलो नाही, पण लढलो. हे माझं आहे.

तेवढ्यात वस्ताद मातीत आले. एका हातानं भाच्याचा हात धरला, दुसऱ्यानं माझा डावा हात, आणि दोन्ही वर केले. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "बघा! त्योबी माझा, ह्योबी माझा! कोन कुनाला पाडनार? माझी माती हाय ती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी वस्तादांवर फुलं उधळली. तेवढ्यात चिकोडीकडचा दुसऱ्या बाजूनं आला आणि त्यानं माझा उजवा हात धरून वर केला. "इल्ला! न्हाई! ह्यो माझा! मला पाडून ह्यांनी मिळवलेल्या फेट्याची फेड ह्यानं केली!" त्यानं मला वर्षभर का राबवलं, ते मला तेव्हा उमगलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. भाच्याकडं बघत होता.

मी मध्ये. दोन्ही हात वर, दोघांच्या मुठीत. हिसडा मारला असता तर दोघंही पडले असते. तेवढी ताकद शिल्लक होती. पण म्हाताऱ्या माणसाच्या हातातून आणि ज्याचं अन्न वर्षभर खाल्लं त्याच्या हातातून, हजार माणसांदेखत हिसडा मारायची रीत आमच्यात नाही. लोकांना वाटलं, पोराला केवढा मान मिळाला, दोन दोन वस्ताद भांडतायत त्याच्यासाठी. माझं नाव कुणी घेतलं नाही. पंचांनीही नाही.

अण्णा गाडी घेऊन आला होता. मला मिठी मारली, गाडीत बसवलं. गाडी निपाणीच्या वाटेला लागल्यावर तो सगळ्यांना सांगायला लागला, "काय वस्ताद हाय बघा! कुस्ती सुटली नव्हती तवर गप बसलावता, आन् सुटल्यावर कसं नाव काढलं पोराचं! मी तवाच म्हणालतो, ह्याला निपाणीच्या तालमीत घाला."

"अण्णा, गाडी थांबीव."

"कशाला रं? दुखतंय का काय?"

"थांबीव."

मी उतरलो. त्यांनी लई हाका मारल्या. अण्णा थोडं अंतर बैल सावकाश हाकत माझ्या बरोबरीनं चालला, मग कंटाळून पुढं गेला. मी त्या वाटेनं गावापर्यंत पायी आलो. खांदा खाली पडत होता. पडू दिला.